'णमोकार' म्हटलं म्हणून पोरीला बाद का केलं?

दिवाळीत लाईन गेली की वाशीम जिल्ह्यातल्या आमच्या गावात ओट्यावर शब्दांच्या भेंड्या रंगतात. यंदा 'बाण'वरून 'ण' आला आणि माझी भाची जैनांच्या मंत्राचं नाव म्हणाली, "णमोकार!" लगेच एकानं मोबाइल पुढे केला. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा मजकूर त्यात होता: मराठीत 'ण'पासून एकही शब्द नाही, णमोकार हे 'नमस्कार'चं बिघडलेलं रूप आहे, खेड्यातल्यांना तर 'ण' म्हणताच येत नाही, म्हणून 'ण' आला की 'न' घ्यावा. पोरगी बाद झाली, गुणही कापला. हे मला मान्य नाही.

रोजच्या बोलण्यात 'ण'नं सुरू होणारा शब्द सहसा सापडत नाही, एवढं खरं. पण 'एकही नाही' हे चूक. व्याकरणात णकार आहे, म्हणजे 'ण' हे अक्षर; णत्व आहे, म्हणजे 'न'चा 'ण' होणं. आणि णमोकार तर कारंजा, शिरपूर भागातल्या मराठी बोलणाऱ्या जैन घरांत रोज कानावर पडतो. घरात रोज लागणारा शब्द मराठीत नाही, असं कसं म्हणायचं?

'बिघडलेलं' या शब्दाचा मात्र मला खरंच राग येतो. प्राकृतात, म्हणजे मराठीच्या आधीच्या जुन्या लोकभाषेत, 'न'चा 'ण' होतो तो नियमानं. प्राकृताचं व्याकरण लिहिणाऱ्या वररुचीनं सूत्रच दिलंय: 'नो णः सर्वत्र', म्हणजे 'न'चा सगळीकडे 'ण'. नगराचं णअर, नदीची णई, तसं नमोचं णमो. त्याला ओंकारातला 'कार' जोडला की णमोकार. अर्थ दोन: वंदन, आणि 'णमो अरिहंताणं'पासून सुरू होणारा पाच ओळींचा, ३५ अक्षरांचा मंत्र. त्यातल्या 'अरिहंत'चीही फोड दोन तऱ्हांनी करतात: अरींचा, म्हणजे आतल्या शत्रूंचा, नाश करणारा, किंवा 'अर्हत्', म्हणजे पूजनीय.

'न'चं रूपही जुनंच आहे, हे मी लपवणार नाही. ओडिशातल्या खारवेल या प्राचीन राजाच्या हाथीगुंफा शिलालेखात 'नमो अरहंतानं' असं 'न'नंच कोरलंय, जैनांतली श्वेतांबर पंथाची मंडळी 'नवकार' म्हणतात, आणि हेमचंद्र या जैन व्याकरणकारानं शब्दाच्या सुरुवातीला दोन्ही चालवून घेतले. पण 'न' बरोबर म्हणून 'ण' चूक ठरत नाही.

आणि प्राकृत आपल्याला परकी नाही हो! वत्सगुल्म म्हणजे आपलं वाशीम. तिथल्या सर्वसेन या वाकाटक राजानं 'हरिविजय' हे काव्य प्राकृतातच रचलं. ज्या गावच्या राजानं प्राकृतात काव्य केलं, त्याच जिल्ह्यात प्राकृत शब्दाला बिघडलेला म्हणायचं?

राहिलं खेड्यातल्या जिभेचं. वऱ्हाडीत पाणीचं पानी होतं, कोणचं कोन, डोळ्याचा डोया. ती बोलीची रीत आहे, जिभेचा दोष नाही. आमच्या शेजारची आजी "पानी दे वं माय" म्हणते आणि सकाळी तीच 'णमो आयरियाणं' अगदी स्वच्छ म्हणते. 'ण' येत नसता तर ते कुठून आलं असतं?

'ण' आला की 'न' घ्यायची सवलत लहान पोरांसाठी खुशाल ठेवा. पण कुणी णमोकार म्हटलं तर गुण द्या. तो शब्द संपतो 'र'वर. पुढच्याला रान आहे, रुमणं आहे, रताळं आहे. भाचीचा कापलेला गुण मी तिला परत द्यायला लावणार आहे.