राडा कुठे घालायचा आणि कुठे नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

माझ्या जलरंगावरच्या लेखातलं 'कागदावर राडा होऊ द्या' हे वाक्य तुम्हाला खटकलं. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: हा आळशीपणाला दिलेला परवाना आहे, चित्रकार एस. एल. हळदणकरांच्या 'ग्लो ऑफ होप' या जलरंगातल्या चित्रात असला राडा औषधालाही नाही, कागद महाग आहे, आणि मुंबईत वन रूम किचनमध्ये हे करायचं तरी कुठे?

जागेचं आधी. दोन बाय तीन फूट फरशी, खाली रद्दी, दोन डबे पाणी आणि जुन्या सुती साडीचा फडका. बस. एक डबा ब्रश धुवायला, दुसरा फक्त स्वच्छ पाणी उचलायला. ही शिस्त मात्र सोडायची नाही. नवशिक्यांची चित्रं मळकट होतात ती बहुतेकदा कागदावर रंग पसरल्यामुळे नाही, एकाच डब्यातलं गढूळ पाणी पुन्हा पुन्हा वापरल्यामुळे. तेव्हा राडा कागदावर, पाण्यात नाही. मूळ लेखात हे स्पष्ट लिहायला हवं होतं. तिथे तुमचा आक्षेप मान्य.

आता कागदावरचा राडा म्हणजे नेमकं काय ते पाहू. विषय घ्या फोर्टातला पावसाळी रस्ता आणि ओल्या डांबरात पडलेलं बेस्टच्या लाल बसचं प्रतिबिंब. कागद जाड, ३०० जीएसएमचा, बोर्डवर लावलेला. एक इंची फ्लॅट ब्रशने रस्त्याचा भाग साध्या पाण्याने भिजवा. साचलेलं पाणी जिरून नुसती चकाकी उरली की अल्ट्रामरीन (निळा) आणि बर्न्ट सिएना (तपकिरी) यांचा करडा रंग लावा, पातळ चहाइतका. त्यात लगेच दह्याइतका दाट लाल सोडा आणि बोर्ड पाच-सात सेकंद उभा धरा. लाल खाली ओघळेल, कडा फाटतील, थोडा करड्यात शिरेल. बोर्ड आडवा ठेवा आणि हात मागे घ्या. हाच तो राडा. ओघळ सरळ करायला ब्रश घातलात की प्रतिबिंब जातं आणि लाल पट्टा उरतो.

तरी बिघडतं, आणि बहुतेक वेळा एकाच क्षणी. कागद डोळ्यांच्या पातळीला धरून तिरका पाहा. चकाकी आहे तोवर रंग टाकता येतो. चकाकी गेली पण बोटांची मागची बाजू टेकवल्यावर कागद गार लागतो, तो धोक्याचा काळ. तेव्हा ओला ब्रश टेकवला की नवं पाणी अर्धवट बसलेल्या रंगाला ढकलत कडेला नेतं आणि फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा डाग उमटतो. टिश्यूने टिपायला गेलात तर डागाशेजारी दुसरा डाग. पूर्ण वाळू द्या, मग ओलसर ब्रशने हलकेच उचला. अल्ट्रामरीन बऱ्यापैकी निघतो, थॅलो ब्लू कागदाला धरून बसतो. जुलैत मुंबईच्या हवेत कागद तासभरही गार लागू शकतो, त्यामुळे उन्हाळ्यातला अंदाज तेव्हा चालत नाही. मीठ टाकून पोत काढायची युक्तीही पावसाळ्यात फसते, कारण मीठच आधी ओलं झालेलं असतं.

चिखल, म्हणजे रंग एकमेकांत मिसळून मळकट होणं, ही वेगळी भानगड. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिळून छान करडा होतो. त्याच ओल्यात सॅप ग्रीन घातला की चिखल, कारण तो बहुतेक ट्यूबमध्ये मुळातच मिश्रण असतो. एका ओल्या भागात दोन, फार तर तीन रंगद्रव्यं, पुढचं वाळल्यावर.

हळदणकरांबद्दल. त्या चित्रात दिव्याआडच्या बोटांतून उजेड झिरपतो. पारदर्शक जलरंगात उजेड म्हणजे राखलेला कागद. घोटून घोटून तो आणता येत नाही. म्हणजे तुम्ही दिलेलं उदाहरण माझ्याच बाजूने बोलतंय, असं मला वाटतं! म्हैसूरला जगनमोहन पॅलेसमध्ये आपण पाहतो तो पूर्ण झालेला कागद. चाचण्यांचे कागद कोणी फ्रेम करत नाही.

कागद महाग आहे, खरंच. म्हणून फुलशीटचे सोळा तुकडे करा, प्रत्येकी साडेसात बाय साडेपाच इंच. दोन्ही बाजू वापरल्या तर एका शीटमध्ये बत्तीस प्रयत्न. उरलेले तुकडे पावसाळ्यात प्लॅस्टिकमध्ये नीट बंद करून ठेवा. दमट हवेत कागदावरचं सायझिंग (रंग लगेच शोषू न देणारा थर) खराब झालं की तो टीपकागदासारखा रंग पितो आणि ठिपके उठतात. तो दोष तुमच्या हाताचा नसतो.

आणि हे सगळं जलरंगापुरतं. ॲक्रिलिक वापरत असाल तर फरशीवरचा थेंब ओला असतानाच पुसा, ब्रश पाण्यातून बाहेर काढून वाळू देऊ नका. एकदा वाळलं की ते नुसत्या पाण्याने निघत नाही.