शिआनच्या रस्त्यावर विंचू शोधणाऱ्यांसाठी

काडीला टोचलेल्या विंचवांचा एक व्हिडिओ व्हॉट्सॲपवर अधूनमधून फिरतो. खाली मजकूर असतो: चीनमध्ये रस्त्यावर किडे नि कुत्रेच मिळतात, डुकराशिवाय पान हलत नाही, शाकाहारी माणूस उपाशी मरेल, आणि जुनी संस्कृती माओने संपवली, आता उरलीत ती पर्यटकांसाठीची नाटकं. चीन म्हणजे काही एक गाव नव्हे. म्हणून शिआन हे एकच शहर घेऊ. तांग राजवटीची (सातवं ते दहावं शतक) राजधानी छांगआन ती हीच. ह्युएनत्संग इथूनच निघाला आणि पुलकेशीच्या महाराष्ट्रापर्यंत येऊन गेला.

आधी विंचू. अशा काड्यांसाठी गाजलेली जागा म्हणजे बीजिंगचा वांगफुजिंग भाग. तिथला दोंगह्वामेन रात्रबाजार 2016 मध्येच बंद झाला, व्हिडिओ मात्र फिरतोच आहे. युन्नान प्रांतात लोक किडे खरोखर आवडीने खातात. ते त्यांचं जेवण, त्यात नाक मुरडण्यासारखं काही नाही. काही भागांत कुत्र्याचं मांसही खातात, पण 2020 मध्ये शेनझेन शहराने त्यावर बंदी घातली आणि कृषी मंत्रालयाने पाळीव पशुधनाच्या यादीतून कुत्रा वगळला. शिआनचं रोजचं खाणं मात्र गव्हाचं आहे: नूडल्स आणि भट्टीतली रोटी.

डुकराचं म्हणाल, तर नगारा मनोऱ्यामागे ह्वे या चिनी मुसलमानांचा मोहल्ला आहे. चिनी पद्धतीच्या उतरत्या छपरांची तिथली मोठी मशीद आजच्या रूपात मुख्यतः मिंग काळातली (चौदावं ते सतरावं शतक). या गल्ल्यांत डुक्कर मिळतच नाही. रोटीत बारीक चिरलेलं मांस भरलेला रोउजियामो इथे बीफचा. मोहल्ल्याबाहेर तोच डुकराचा. याहून मजेशीर पाओमो. गिऱ्हाइकाला वाडगा आणि कडक रोट्या देतात, आणि त्याने स्वतः बसून त्यांचे हरभऱ्याएवढे तुकडे करायचे. मग वाडगा आत जातो नि मटणाच्या रश्श्यात शिजून परत येतो, सोबत लसणाचं गोडसर लोणचं. तुकडे मोठे ठेवणारा नवखा आहे हे लगेच कळतं.

शाकाहाऱ्यासाठी लियांगपी. कणकेचा गोळा पाण्यात धुऊन चीक काढतात, आपण कुरडयांसाठी काढतो तसाच. त्याच्या पातळ पोळ्या वाफवून, पट्ट्या कापून, वर व्हिनेगर, लसणाचं पाणी आणि मिरचीचं तेल. धुऊन उरलेला चिवट भागही वाफवून त्यातच घालतात. गोड हवं असेल तर खजुरासारखी लाल बोरं नि राजमा घालून वाफवलेला चिकट भात. रश्शाच्या पदार्थांत मात्र विचारूनच खावं.

आता संस्कृती. हा आरोप निम्मा खरा आहे. शिआनची ईसूशे ही छिनछियांग संगीतनाटकाची मंडळी 1912 ची. 1924 मध्ये चिनी लेखक लू शून तिचे प्रयोग पाहून गेले. माओच्या सांस्कृतिक क्रांतीच्या, 1966 ते 76 या दशकात मात्र जुनी नाटकं बंद पडली, हे नाकारण्यात अर्थ नाही. मोहल्ल्यातल्या जुन्या वाड्यात होणारा चामड्याच्या बाहुल्यांचा छोटा सावलीखेळही मुख्यतः पर्यटकांसाठीच, आणि भाड्याचे तांगकालीन पोशाख घालून लोक मिरवतात तो दिव्यांचा चकचकीत रस्ता तर याच शतकात बांधलेला. तिथपर्यंत फॉरवर्डवाल्याचं मान्य.

पण शहराजवळच्या हजियायिंग गावाचे लोक जुन्या स्वरलिपीवरून तेच बासरी-नगाऱ्याचं संगीत वाजवतात, ज्याची युनेस्कोने 2009 मध्ये नोंद केली. आणि तटबंदीलगतच्या बागांत हौशी मंडळी बानहू सारंगीवर छिनछियांग गातात. तिकीट नाही, श्रोते बहुतेक आसपासचे म्हातारे. गाणं इथल्या शान्शी प्रांताच्या बोलीतलं, आणि टिपेच्या सुरात अक्षरशः ओरडून गायचं. दुसऱ्या प्रांतातून आलेला चिनी पाहुणाही लवकरच काढता पाय घेतो. पर्यटकांसाठीच सोंग करायचं असतं, तर एवढं कानठळ्या बसवणारं कोणी निवडलं असतं?