काच्मार्स्की, ‘मुरी’ आणि जमाव: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

यात्सेक काच्मार्स्की या पोलिश कवी-गायकावरच्या माझ्या लेखावर तुम्ही सविस्तर आणि तिखट लिहिलेत, तेव्हा उत्तरही जरा लांबणार. तुमचे म्हणणे थोडक्यात असे: त्याचे सर्वांत गाजलेले गाणे उसन्या चालीवरचे. ते आंदोलनाचे घोषणागीत, त्याला कविता कशाला म्हणायचे? आणि पोलंडच्या रस्त्यांवर रणगाडे फिरत होते तेव्हा हा गृहस्थ पॅरिसमध्ये सुखरूप. गिरणी कामगारांमध्ये उभे राहून गाणाऱ्या शाहीर अमर शेखांच्या पंगतीला याला बसवू नका, हा शेवटचा टोला.

चाल उसनी आहेच. ‘मुरी’ म्हणजे ‘भिंती’ या गाण्याची चाल ल्युईस ल्याक या कातालान गायकाची, 1968 सालची. स्पेनमधल्या फ्रँकोच्या हुकूमशाहीतले ते गाणे सांगते की आपण सगळे एकाच खुंटाला बांधलेले आहोत, सगळ्यांनी मिळून ओढले तर तो कुजका खुंट उन्मळून पडेल. काच्मार्स्कीने 1978 मध्ये चाल घेतली, पण आशय पार उलटा केला. ल्याकच्या ध्वनिमुद्रणात हजारो लोक त्याच्यासोबत गाताना ऐकू येतात. ऐकणाऱ्या कुणालाही स्फुरण चढावे असा तो आवाज, पण विशीतल्या काच्मार्स्कीला त्याचीच धास्ती वाटली. म्हणून त्याच्या गाण्यात एक तरुण गायक येतो. भिंती पाडा, असे तो गातो आणि लोक ते गाणे उचलतात. पुढे त्यांना आपल्या संख्येचा अंदाज येतो. मग पुतळे कोसळतात, रस्ते उखडले जातात, हा आपल्यातला आणि तो विरोधातला अशी वाटणी सुरू होते, जो एकटा तो सर्वांत मोठा शत्रू ठरतो. आणि गायक तर एकटाच असतो. शेवटी भिंती पुन्हा वाढू लागतात.

आता सांगा, हे घोषणागीत कसे?

झाले असे की 1980 मध्ये पोलंडमध्ये सॉलिडॅरिटी ही कम्युनिस्ट सत्तेला आव्हान देणारी कामगार संघटना उभी राहिली आणि तिच्या लाखो लोकांनी हेच गाणे आपले करून टाकले. भिंती कोसळतील हे ध्रुवपद त्यांनी छातीठोक गायले, शेवटचे कडवे मात्र बाजूला पडले. गाण्यातल्या गायकाच्या नशिबी जे आले तेच ते लिहिणाऱ्याच्या. काच्मार्स्कीने स्वतः सांगून ठेवले आहे की कुठल्याही जनचळवळीबद्दल वाटणाऱ्या अविश्वासातून हे गाणे लिहिले. तुम्ही ज्याला प्रचार म्हणता ती जमावाने कापलेली आवृत्ती आहे, कवीची नव्हे.

हा काही एकाच गाण्यापुरता अपघात नाही. आईवडील दोघेही चित्रकार, त्यामुळे चित्रावरून गाणे रचणे ही त्याची जुनी खोड. प्शेमिस्वाव गिन्त्रोव्स्की आणि झ्बिग्न्येव वापिन्स्की या दोन साथीदारांबरोबर त्याने 1981 मध्ये ‘म्युझियम’ नावाचा अख्खा कार्यक्रम त्यावर बांधला. त्यात यान मातेय्कोच्या एका प्रसिद्ध चित्रावर गाणे आहे. 1773 मध्ये रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रियाने केलेल्या पोलंडच्या पहिल्या फाळणीला संसदेची मंजुरी मिळू नये म्हणून रेयतान हा सदस्य छाती उघडी करून दारात आडवा पडला, तो प्रसंग. पोलिश माणसाचा ऊर भरून यावा असा. काच्मार्स्की मात्र तो रशियन राजदूताच्या तोंडून सांगतो: महाराणीला पाठवलेला अहवाल, दस्तावर सही झाली, सगळे आपल्या मनासारखे! आपल्या हुतात्म्याकडे शत्रूच्या तुच्छतेने पाहायला लावणारा माणूस प्रचारक असेल, तर फारच वाईट प्रचारक म्हणायला हवा.

पॅरिसचे. तिघेही कार्यक्रमांसाठी फ्रान्सला गेले होते. साथीदार परतले, तो मागे राहिला आणि 13 डिसेंबर 1981 ला पोलंडमध्ये मार्शल लॉ, म्हणजे लष्करी कायदा, लागू झाला. परतीची वाट बंद. 1984 पासून म्युनिकला रेडिओ फ्री युरोपमध्ये, म्हणजे कम्युनिस्ट देशांसाठी प्रसारण करणाऱ्या अमेरिकी नभोवाणीत, नोकरी, आणि मायदेशात पुन्हा गायला तो आला थेट 1990 मध्ये. तुरुंग त्याच्या वाट्याला आला नाही, हे खरे. पण त्या काळात लिहिलेले ‘आपला वर्ग’ ऐका. शाळासोबत्यांची हजेरी घेतल्यासारखे गाणे: एक तेल अवीवमध्ये, एकाला पॅरिस अंगवळणी पडलेले, एक डिसेंबरात मेलेला. परदेशातल्या सुखाची फुशारकी त्यात औषधालाही नाही.

राहता राहिले अमर शेख. त्यांच्या पंगतीला याला मी बसवलेच नव्हते. कामगारांचा आवाज चढवणे हे शाहिराचे काम होते आणि शेखांनी ते जीव ओतून केले. काच्मार्स्कीचा स्वभावच वेगळा: टाळ्या पडू लागल्या की हा साशंक. दोघांना एका तागडीत घालून हाती काय लागणार?

प्रतिक्रियेत तुम्ही एका ओळीत त्याच्या आजारपणाचा उल्लेख करून ‘शेवटी वर्गणीवर जगला’ असे लिहिलेत, ते मात्र मला खटकले. 2002 मध्ये घशाचा कर्करोग निघाला. शस्त्रक्रियेत आवाज जाणार होता, म्हणून त्याने ती नाकारली आणि दुसरे उपचार घेतले. त्यांच्या खर्चासाठी पोलंडमधल्या कलावंतांनी कार्यक्रम केले. 10 एप्रिल 2004 ला ग्दान्स्कमध्ये तो गेला, तेव्हा 47 वर्षांचा होता. यात टोमणा मारण्याजोगे काय आहे?

देशात राहून गाणाराच तुम्हाला हवा असेल तर गिन्त्रोव्स्की आहे. मार्शल लॉच्या काळात तो लोकांच्या घरांत आणि चर्चमध्ये गायला, झ्बिग्न्येव हर्बर्टच्या कवितांना त्याने दिलेल्या चाली अजून अंगावर येतात. त्याच्यावर पुढचा लेख लिहितो आहे. तिथेही भांडायला या.