दसऱ्यानंतर चालायला जाऊया म्हटलं तर घरात दोन पार्ट्या पडल्यात

सुट्टीचा विषय निघाला की आमच्याकडं पहिलं नाव गोव्याचं, दुसरं तारकर्लीचं, आणि तिसरं कुणी काढायच्या आत दाजींनी हॉटेलच्या लिंका फॅमिली ग्रुपवर टाकलेल्या असतात. यंदा मी म्हटलं पोरांना आणि आईला घेऊन गगनबावड्याला जाऊया, शनिवार-रविवार-सोमवार, आणि नुसतं चालायचं. ग्रुपवर जरा वेळ सगळे गप्प. मग आक्काचा मेसेज, "अरे तिकडं पाऊस असतोय की." असतोयच की. म्हणून तर तिकडं हिरवं आहे.

आपल्या कोल्हापूर जिल्ह्याची गंमत आपल्यालाच कळत नाही बघा. शिरोळकडं वर्षाला पाचशे-सहाशे मिलीमीटर पडला की झालं, शहरात हजाराच्या आसपास, आणि रंकाळा स्टँडवरनं एसटीत बसून पश्चिमेला पंचावन्न किलोमीटरवर गगनबावड्याला उतरलं की पाच-सहा हजार. समुद्राकडनं आलेले ढग सह्याद्रीला थडकून वर चढतात, थंड होतात आणि माथ्यावरच मोकळे होतात, आपल्याकडं येईस्तोवर त्यांच्यात दम राहत नाही. म्हणजे मेघालयाची तिकिटं काढायची तशी काही गरज नाही, दीड तासात पोचतोय.

आता पावसाच्या मुलखात चालायचं म्हटलं की लोक जुलै-ऑगस्टच धरतात. कॉलेजची पोरं असतील तर जाऊ देत. पण हल्ली पन्हाळा ते पावनखिंड मोहिमेला लोक सात-आठ वर्षाची पोरं घेऊन जायला लागलेत आणि नेणारे पण "फॅमिली फ्रेंडली" म्हणून बिनधास्त पैसे घेतात, हे मला पटत नाही. १३ जुलै १६६० ला बाजीप्रभूंनी घोडखिंड लढवली म्हणून ती मोहीम जुलैतच असते, ते बरोबरच आहे, त्या वाटेवर त्याच पावसात चालण्याला अर्थ आहे. पण ती पन्नास किलोमीटरच्या घरातली चाल आहे, चिखल पोटरीपर्यंत, ओढे भरलेले, आणि दुसऱ्या दिवशी ओल्याच बुटात पाय घालायचा. पोराला इतिहासाची गोडी लागावी म्हणून नेलं आणि त्याला आयुष्यभराची चालायचीच धास्ती बसली तर काय उपयोग. बारा-चौदा वर्षाचं झालं की आपोआप जाईल ते.

फॅमिलीसाठी खरा महिना ऑक्टोबर. ओढ्यांना पाणी असतंय पण उतरलेलं, गवत कमरेएवढं, सोनकी-तेरडा थोडाफार शिल्लक, आणि धुकं आलं तरी दहा-साडेदहापर्यंत उठतंय, म्हणजे दिसतंय तरी काहीतरी. फक्त तारीख धरायला डोकं लावावं लागतं, आणि यंदा ते जरा जास्तच लावावं लागलं.

दिवाळीची सुट्टी म्हणावी तर ती कधी ऑक्टोबरात येते कधी नोव्हेंबरात. २०२५ ला लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं, यंदा अधिक महिन्यामुळं थेट ८ नोव्हेंबरला. तोपर्यंत डोंगर पिवळा पडायला लागलेला असतो आणि सगळी दुनिया फिरायला बाहेर. २ ऑक्टोबर शुक्रवारी येतोय, चांगला लाँग वीकेंड, रूम पण स्वस्त मिळतील, कारण तो पितृपक्षात येतोय! आईला हे स्वस्ताईचं कारण सांगितलं तर ती म्हणाली, "तूच जा मग." विषय संपला. शिवाय तेव्हा हस्त नक्षत्र, हत्ती सोंड घेऊन तयारच असतो. नंतर नवरात्र, त्यात तर आपल्या घरातनं बाहेर जायचा प्रश्नच नाही, उलट अंबाबाईला आलेले पाहुणे आपल्याकडं उतरलेले असतात. म्हणून दसरा झाला की पुढचा शनिवार, कोजागरीच्या तोंडावर. बायकोनं परीक्षेचं टाइमटेबल पुढं केलं, त्यावर तह असा झालाय की पुस्तकं बरोबर न्यायची. उघडली जातील का ते तुम्हीच ठरवा.

आता मुद्द्याचं. परतीचा पाऊस आणि जुलैचा पाऊस हे दोन वेगळे प्राणी आहेत आणि लोक दोघांना एकच समजून प्लॅन करतात. जुलैतला दिवसभर रिपरिप करतो, त्याला वेळकाळ नाही. ऑक्टोबरातला बहुतेक वेळा दुपारचा असतो. सकाळी लख्ख किंवा धुकं, अकरानंतर ऊन असं चटकतं की वाटतं संपला पावसाळा, दोन वाजता पूर्वेकडनं काळं चढायला लागतं आणि तीन-चारला गडगडाटासकट तासाभरात सगळं धुऊन काढतं. मग एवढं जर माहीत आहे तर नऊ वाजता आरामात नाष्टा करून अकराला चालायला निघणं हा शुद्ध वेडेपणा झाला की नाही? सहा-साडेसहाला निघायचं, साडेबारा-एकपर्यंत परत, जेवायचं, झोपायचं, आणि विजा चमकायला लागल्या की व्हरांड्यात बसून भडंग खात बघायचं. माझा अख्खा प्लॅन ह्या एका गोष्टीवर उभा आहे, बाकी सगळं त्याच्या मागनं येतंय. दाजी म्हणतात सुट्टीत पाचला कोण उठणार. दाजी, तुम्ही कात्यायनीला मिसळ खायला बरं सहाला उठता.

विजेचं मी चेष्टेवारी नेत नाही. मसाई पठारासारख्या उघड्या सड्यावर आपणच सगळ्यात उंच असतो, आडोसा काही नाही, आणि एकटं झाड दिसलं की लोक पळत त्याच्याच खाली जातात, म्हणजे नेमकं जिथं जायचं नाही तिथं. पुण्याच्या आयआयटीएम ह्या हवामान संशोधन संस्थेचं दामिनी ॲप आहे, आसपास वीज पडत असली की ते कळवतं, ते आत्ताच टाकून ठेवा, तिकडं रेंज मिळेलच असं नाही. आणि हवामान खात्याचा अंदाज बघताना नुसतं "कोल्हापूर" बघू नका, घाटमाथ्याचा इशारा वेगळा येतो तो बघा. शहरात ऊन असलं म्हणून गगनबावड्यात असेल असं काही नाही. ऑरेंज अलर्ट आला तर त्या दिवशी चालणं रद्द, पत्ते खेळायचे. म्हणूनच मी दोन चालींचा प्लॅन केलाय आणि दिवस मात्र त्याहून जास्त धरलेत. रोज वेगळ्या गावात मुक्काम हे पावसाच्या मुलखात अजिबात करू नये, एक दिवस हुकला की पुढची सगळी बुकिंगं बोंबलतात, आणि मग माणूस पैसे वसूल करायला म्हणून पावसात निघतो.

चाली साध्याच. एक गगनगडाची, पायऱ्या आहेत, गगनगिरी महाराजांचा मठ आहे म्हणून आईला पण यायचंय. हवा मोकळी असली तर वरनं खाली उतरणारे करूळ आणि भुईबावडा हे दोन्ही घाट आणि त्यापलीकडं कोकण दिसतंय. दुसरी पळसंब्याची, ओढ्याच्या काठानं झाडीत कोरीव लेणी आणि दगडातली छोटी मंदिरं आहेत, गारवा असा की भर दुपारी पण स्वेटर आठवेल. इथं ओल असते म्हणजे जळवा असू शकतात. पोरांना आधीच सांगून ठेवलंय, ओढायची नाही, नखानं कडेनं खरवडायची किंवा चिमूटभर मीठ टाकायचं. रक्त थोडा वेळ येत राहतं कारण तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारं द्रव्य असतं, दुखत मात्र काही नाही. पोरगी आता जळू दिसावी म्हणून वाट बघायला लागलीय.

दाजीपूर मुद्दाम धरलं नाही. पावसाळ्यात अभयारण्य बंद असतं, उघडायची तारीख वनखातं ठरवतं, आणि उघडलं तरी ते गव्यांचं घर आहे, पोरांना घेऊन पायी भटकायची जागा न्हवे. आंबोली पुढच्या खेपेला.

सामानाचं जास्त लांबवत नाही. पावसाळ्यात जांभ्यावर आणि पायऱ्यांवर शेवाळाचा असा पापुद्रा असतो की कोरडा दिसतो आणि पाय ठेवला की सटकतो, म्हणून तळ बघून बूट घ्या, रंग बघून नको. कापशीचं पायताण घालून फोटोला ऐटीत उभं राहणारे पण बघितलेत मी, त्या चामड्याची भिजल्यावर काय दशा होते ते आपल्याला सांगायला नको. रेनकोट पोरांना. आईला छत्री, कारण हळू चालणारा माणूस रेनकोटात आतनं घामानंच भिजतो, फक्त गडगडायला लागलं की छत्री मिटायची. एक कोरड्या कपड्यांची पिशवी अशी ठेवायची की जिला रूमवर पोचेपर्यंत कुणी हात लावायचा नाही. खायला दशम्या, खर्डा, शेंगदाणे-गूळ. चिप्सची पाकिटं माझ्या पिशवीत येणार नाहीत, ज्याला पाहिजेत त्यानं स्वतःच्या खिशात न्यावीत आणि रिकामी पण खिशातच परत आणावीत.

आणखी एक, हे जरा मनाला लागतं म्हणून लिहितोय. आपण जातो त्या दिवसांत तिकडं भाताची कापणी चालू असते. "पडतील चित्रा तर भात खाईना कुत्रा" म्हणतात ते ह्याच पावसाबद्दल. आपण व्हरांड्यात "काय भारी पडतोय" म्हणून रील काढत असतो आणि समोरच्या खाचरात बाई डोक्यावर प्लास्टिकच्या कागदाची खोळ घेऊन कापलेल्या पेंढ्या पालथ्या घालत असते, पुन्हा भिजल्या तर लोंब्यांना कोंब येतो, मग ते भात विकायचं कसं. पाऊस बघू नये असं मी म्हणत नाही, मी पण बघणार. पण बांधावरनं जाताना विचारून जावा, उभ्या पिकात फोटोसाठी शिरू नका, आणि तांदूळ घ्यायचाच असेल तर तिथल्याच घरातनं घ्या की, मॉलमधनं आणून इथं "ऑरगॅनिक" म्हणून मिरवण्यापेक्षा.

सध्याची परिस्थिती अशी: आई, बायको, पोरं माझ्या पार्टीत, आक्का काठावर, दाजी अजून गोव्यात. पण गाडी मोठी त्यांचीच आहे, त्यामुळं मतदान काहीही झालं तरी त्यांना पटवावंच लागणार. गगनबावड्यात घरगुती जेवण देणारं आणि सकाळी साडेपाचला चहा करून देणारं कुणी माहीत असेल तर कळवा, मला दाजींना उठवायला तेवढा एकच मार्ग दिसतोय.