पेशंट कुठंय?

लॅबमधली ती निळी प्लॅस्टिकची खुर्ची एका पायाने अधू होती, पण हक्काची होती. आदल्या रात्री लवकर जेवून, सकाळचा चहा न घेता, दार उघडायच्या आधी जाऊन मिळवलेली. तिच्यावर टेकून जरा डोळे मिटले, तर काउंटरवरचा पोरगा मान वर न करता म्हणाला, "मॅडम, खुर्च्या पेशंटसाठी आहेत. सोबतच्यांनी बाहेर थांबा की ओ."

"मीच पेशंट आहे."

"बरं. मग पेशंट कुठायत?"

तो मला चांगला ओळखतो, घोळ तिथेच आहे. सासूबाईंची साखर, यांचं कोलेस्टेरॉल, थोरलीचं गरोदरपणातलं हिमोग्लोबिन, धाकट्याच्या डेंग्यूत रोजच्या रोज मोजलेल्या प्लेटलेट्स, या सगळ्यांच्या मागे फाइल आणि पाण्याची बाटली घेऊन उभी राहणारी बाई म्हणजे मी. त्या पोराने मला कधी एकटीला पाहिलेलंच नाही. आधार कार्ड दाखवलं तर तो कार्डाकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत बसला. तेवढ्यात माझ्या खुर्चीवर एक आज्जी बसल्यासुद्धा.

इरकलीचं हिरवं लुगडं, कपाळावर विभूती, मांडीवर कापडी पिशवी. मागे त्यांची सून, फाइल आणि पाण्याची बाटली घेऊन उभी. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि काही बोललो नाही.

आज्जींचं उपाशीपोटीचं रक्त देऊन झालं होतं. आता खायचं आणि दोन तासांनी पुन्हा द्यायचं. घर नीलमनगरला, जाऊन-येऊन रिक्षाला पैसे कोण घालणार? म्हणून त्यांनी जेवण सोबत आणलेलं. पिशवीतून कडक भाकरी निघाली, दह्याची डबी निघाली, मग शेंगाचटणीचा डबा उघडला. बाहेरगावच्या लोकांना सांगून कळणार नाही, पण उखळात कुटलेल्या शेंगाचटणीचा लसणासकट वास आणि रात्रीपासून उपाशी असलेला हॉलभर माणूस एका खोलीत ठेवणं हा छळच आहे. कोपऱ्यातल्या एका काकांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. भाकरी मोडल्याचा कडाऽक आवाज आला तेव्हा कुणाच्या तरी पोटाने उत्तरही दिलं.

"घे गं माय, तू पण खा घासभर."

"नको आज्जी, मला उपाशीपोटी रक्त द्यायचंय."

घास हवेत थांबला. "तुजं? तुला काय झालंय?"

"काही नाही, नुसती तपासणी."

"मग घरात कोण आजारी हाय?"

"कोणी नाही."

"घरात कोण आजारी न्हाई, तुला कायच झालं न्हाई, मग रगत कशाला देतीस? जास्त झालंय व्हय?"

हॉलमधले दोघं-तिघं हसले. मीही हसले, कारण न हसणारी बाई भांडखोर दिसते. आज्जी मात्र गंभीर होत्या. त्यांनी दह्यात भाकरी चुरली आणि चौकशी पुढे नेली.

"चक्कर येतीया का?"

"येते अधूनमधून."

"दम लागतोय?"

"जिना चढताना."

"आंबट खावं वाटतंय?"

"ते लहानपणापासून वाटतंय, आज्जी."

आज्जींनी मला पायापासून वर बघायला सुरुवात केली आणि पोटापाशी येऊन थांबल्या. भारतीय बाईची कंबर 80 सेंटिमीटरच्या आत असावी असा फलक तिथेच भिंतीवर होता. माझी कधीच बाहेर पडली आहे. वाया जाऊ नये म्हणून संपवलेला वर्षानुवर्षांचा रात्रीचा भात आहे तिच्यात, पण तो काही बघणाऱ्याला दिसत नाही. आज्जी पुढे झुकल्या आणि कुजबुजल्या. आता, ज्या बाईची उमर यंत्रमागांच्या खडखडाटात गेली आहे, तिची कुजबुज ही रस्त्यावरच्या रिक्षावाल्यालाही ऐकू जाते.

"दिवस गेल्यात का गं तुला?"

हॉल गप्प. काउंटरवरच्या पोराने पहिल्यांदाच मान वर केली.

माझं वय एकोणपन्नास. घरी थोरलीचं तान्हं बाळ आहे. मी म्हटलं, "अहो आज्जी, मी आजी आहे!"

"असू दे की! त्यात लाजायचं काय? माजी धाकटी आन् थोरलीचा पोरगा एकाच वर्साचे, एकाच पाळण्यात वाढलेत." आणि समोर हेल्मेट मांडीवर घेऊन बसलेल्या गृहस्थांकडे वळून, "ओ बाबा, उठा की जरा! दोन जिवाची बाई उभी हाय आन् तुमी फोनात बघत बसलाव?"

गृहस्थ उठले. नुसते उठले नाहीत, खुर्ची रुमालाने पुसली. कुणीतरी पंख्याचं बटण वाढवलं. काउंटरवरच्या पोराने जागेवरून उठून मला पाण्याचा ग्लास आणून दिला आणि माझा नंबर गुपचूप चार माणसं वर सरकवला. मी बसले. खुलासे करत उभं राहण्याइतकं रक्त अंगात नव्हतं, हे पुढे रिपोर्टातही आलं.

पण डोक्यात तिडीक गेली ती गेलीच. चक्कर येते, दम लागतो, हे मी सगळ्यांसमोर सांगितलं होतं. तेवढ्यावर कुणी हललं नाही. माझ्या आत दुसरं कुणी असेल अशी नुसती शंका आली, तर पंखासुद्धा वाढला. आज्जींच्या सुनेला मात्र शेवटपर्यंत कोणी बस म्हटलं नाही. तिच्या पोटाविषयी कुणाला शंका नव्हती.

आमच्या घरात तब्येतीचं खातं चोख आहे हो, तसं नाही. बाळाची लस सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला; त्यातली दहाव्या आठवड्याची नुकतीच झाली आणि रात्रभर ताप आला म्हणून मांडीवर घेऊन कोण बसलं ते विचारू नका. सासूबाईंची बाळगुटी लपवून ठेवायची, कारण पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय पाणीसुद्धा नको असं नर्सताईंनी बजावलंय, आणि "आम्ही काय मेलो का गुटी पिऊन?" हे उत्तरही ऐकून घ्यायचं. थोरलीच्या लोहाच्या गोळ्या बाळंतपणानंतर 180 दिवस. धाकट्याची शाळेतली आठवड्याची निळी गोळी, 10 फेब्रुवारीची जंताची गोळी. ती त्याने खिशात ठेवली की तोंडात, हे पँट धुताना कळतं.

सासूबाई साखरेच्या तपासणीआधी दोन दिवस कडक पथ्य पाळतात, म्हणजे रिपोर्ट चांगला येतो. यंदा डॉक्टरांनी एचबीएवनसी लिहून दिली. ती तपासणी गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगते. जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेत खाल्लेली जिलेबी मार्चमध्ये कागदावर उमटली, तेव्हापासून त्यांचा त्या लॅबवर राग आहे. यांना आठवड्याला 150 मिनिटं चालायला सांगितलंय. हे रोज पहाटे संभाजी तलावाला जातात. तलावाला एक फेरी होते, मित्रमंडळींत उभं राहून देशाच्या कारभाराला तीन, आणि परतताना उडीदवडा.

आणि पाणी. लॅबच्या भिंतीवर दुसराही एक फलक होता: आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा, सगळी भांडी रिकामी करून घासून वाळवा. डेंग्यूच्या डासाला अंड्यातून उडायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून. अगदी बरोबर आहे. फक्त ज्याने तो फलक छापला त्याने एकदा सोलापुरात चार-पाच दिवसांनी येणाऱ्या पाण्यासाठी पहाटे उठून पिंपं भरावीत, आणि मग तीच पिंपं स्वतःच्या हाताने ओतून दाखवावीत. घर कोरडं ठेवायचं तर प्यायचं काय, आणि पाणी साठवायचं तर धाकट्याच्या प्लेटलेट्स मोजायच्या. या तपासणीसाठीसुद्धा मी पाण्याचा दिवस टाळून मुहूर्त काढला होता.

येताना स्कूटी भैय्या चौकातून काढली. तिथे डॉ. कोटणीसांचं स्मारक आहे. आपल्या सोलापूरचा हा पोरगा 1938 साली चीनला गेला, युद्धात जखमी झालेल्यांवर शस्त्रक्रिया करत राहिला, आणि 1942 साली अपस्माराच्या झटक्यांनी गेला. वय 32. शाळेत आम्हाला त्यांचा त्याग शिकवला. उपाशीपोटी त्या चौकात उभं राहून मला वेगळाच प्रश्न पडला, की या माणसाला तिथे कुणी "डॉक्टर, आज तुम्ही जरा पडून राहा" असं दरडावून म्हटलं असेल का? मग मागच्या रिक्षावाल्याने हॉर्न मारला.

रिपोर्ट संध्याकाळी फोनवर आला. हिमोग्लोबिन 8.9. बाईचं 12 च्या वर हवं. ड जीवनसत्त्व तर नावापुरतं. ज्या गावात मे महिन्यात पारा 43 च्या पुढे जातो, त्या गावात मला उन्हाचं जीवनसत्त्व कमी! पण उन्हात मी निघते ती डोक्याला स्कार्फ, हातात मोजे, पायात मोजे, फक्त डोळे उघडे ठेवून. ऊन शिरणार कुठून?

यांना रिपोर्ट दाखवला. हे म्हणाले, "तुझा? नाव नीट बघितलंस का? अदलाबदल झाली असेल." नाव नीट होतं. मग मी सरकारी पाहणीचा आकडा काढून दाखवला: 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयाच्या शंभरातल्या 57 बायकांना रक्तक्षय, आणि पुरुषांत 25 जणांना. हे चष्मा सावरून वाचत होते. म्हणाले, "म्हणजे कॉमनच आहे की." आणि चहा मागितला. सासूबाईंनी आतून विचारलं, "माझा रिपोर्ट आला का गं?"

डॉक्टरीणबाईंनी दुसऱ्या दिवशी लोहाच्या गोळ्या दिल्या. चहाबरोबर घ्यायच्या नाहीत, कॅल्शियमच्या गोळीबरोबर तर मुळीच नाही, लिंबू-आवळ्याबरोबर घ्या म्हणाल्या. आमच्या घरात चहा नसलेला तास शोधणं हे गोळ्यांपेक्षा महाग काम आहे. मग त्यांनी विचारलं, पाळीत रक्तस्राव फार होतो का, किती दिवसांपासून? होतो. पुष्कळ महिन्यांपासून. हे सांगताना लक्षात आलं, की हा प्रश्न मला याआधी कुणी विचारलेला नव्हता. घरातल्या कपाटात प्रत्येकाची फाइल आहे. माझी शेवटची फाइल म्हणजे धाकट्याच्या बाळंतपणाची, आणि तिच्यातही त्याचंच वजन अधोरेखित केलेलं. "गोळ्यांनी रक्त भरेल, पण ते जातंय कुठे ते आधी बघू," म्हणून बाईंनी सोनोग्राफी लिहून दिली.

झालं. सोलापूर दिसायला शहर आहे, पण त्या दिवशी हॉलमध्ये नणंदेच्या जावेची बहीण बसलेली होती. रिपोर्टाआधी बातमी पोचली आणि सोनोग्राफीने तिच्यावर शिक्कामोर्तब केलं. नणंदेचा पुण्याहून फोन: "वहिनी, खरं का गं? दादा काय म्हणतो?" तलावावर यांच्या पाठीवर कुणीतरी थाप मारली. घरी येऊन हे माझ्याशी फारच हळू बोलू लागले, आणि मी बादली उचलायला वाकले तर धावत येऊन त्यांनी ती स्वतः उचलली. हिमोग्लोबिन 8.9 ऐकून हेच गृहस्थ चहा मागत होते. खुलासा केला, तेव्हा त्यांनी बादली जिथल्या तिथे खाली ठेवली.

काल शेजारच्या काकूंनी स्टीलचा डबा भरून अळिवाचे लाडू पाठवले. अळिवात लोह भरपूर. बाळंतिणीसाठीच असणार म्हणून थोरलीने डबा उघडायला घेतला. मी म्हटलं, "ठेव तो खाली. ते माझे आहेत."