पडक्या कुंपणभिंतीच्या मालकांस काही सूचना

बागेची कुंपणभिंत पडणारच असेल तर ती सार्वजनिक जागेच्या बाजूलाच पडेल असं बघा. शेजाऱ्याकडे पडली तर तो निदान भांडायला तरी येतो.

तडा दिसला की लगेच गिलावा मारून रंग द्या. तडा कशाने गेला ते विचारू नका. बागेतली माती भिंतीला टेकून वर चढलीय, पाणी निघायला एक भोक नाही, पावसात ती भिजून जड होते आणि भिंतीला बाहेर रेटते, असं गवंडी म्हणेल. दुर्लक्ष करा. पाणी निघायला भोकं, म्हणजे वीप होल, ठेवले की भिंत देवीचे व्रण आल्यासारखी दिसते.

दोरीला वजन लटकवून भिंत सरळ आहे का ते बघायचा ओळंबा लावू नका. खरं कळतं.

भिंतीलगत पाइपलाइनसाठी खोदकाम सुरू झालं तर कौतुकाने बघत उभे राहा. विकास असाच होतो. माझ्या भिंतीला अगदी चिकटून चर खणला, तोही पायाच्या खालपर्यंत. पायाखालची माती चरात घसरली की भिंत चराकडे कलणार, हे कळायला इंजिनिअर लागत नाही. थोडं थोडं खणावं, कडांना फळ्या आणि टेकू द्यावेत, पाइप टाकला की थराथराने माती भरून धुम्मसाने ठोकून घट्ट करावी, ही रीत. या लोकांनी फुटक्या फरशा आणि प्लास्टिकच्या पिशव्यांसकट माती वरून ढकलली आणि निघून गेले. पहिल्या मोठ्या पावसात चर खचला आणि भिंत त्यात आडवी!

मग कचेरीत जा. तिथे छान माहिती मिळते: भिंत तुमची, जागा आमची, खोदकाम ठेकेदाराचं, आणि ठेकेदाराचं बिल निघालंय. वर, "तुमचा राडारोडा आमच्या जागेत पडलाय, तो उचला, नाहीतर नोटीस काढू."

नवी भिंत हद्दीपासून वीतभर बाहेर घ्या. मग बघा, तीच कचेरी कशी धावत येते.

विटा भिजवू नका, बांधकामावर पाणीही मारू नका. निदान ७ दिवस मारावं लागतं म्हणे.

अहो, पण पाया उघडा पडलेला डोळ्यांना दिसत होता ना? हातातली कुदळ बाजूला ठेवून घरातल्या माणसाला एक हाक मारायला काय जात होतं? ज्याने चर न बघता बिलावर सही केली, त्याला साधं येऊन बघायची लाज वाटली? आणि खिंडारातून कचऱ्याच्या पिशव्या आत भिरकावणाऱ्यांनो, भिंत पडलीय, बाग अजून कुणीतरी राखतंय. उकिरडा नाही तो.

ज्यांच्या भिंती अजून उभ्या आहेत, त्यांनी शेजारी पहिली कुदळ पडताच बाहेर यावं. ओळंबा लावून फोटो काढा, तक्रार लेखी द्या, पोच घ्या. आणि हे सगळं ठेकेदाराचं बिल निघायच्या आत.