आधी तुकडा जपा

परवा अमळनेरहून मामांचा फोन आला. ‘कॅन्सरची लस निघाली’ असा व्हिडिओ गावच्या ग्रुपवर फिरत होता. मी इथे फिलाडेल्फियात डीएनए लसीच्याच कामात, म्हणून खरंखोटं मला विचारलं. मी हौसेने सांगायला लागले, तर त्यांनी मध्येच थांबवलं, “आठे तुकडा तपासाले महिना लागस, तू लसनं काय सांगस?”

मामींचं तसंच झालं होतं. वर्षानुवर्षं मिश्री, मग गालाच्या आत पांढरा चट्टा, मग तोंडात दोन बोटंही जाईनात. बायोप्सीसाठी, म्हणजे तपासणीसाठी, गालाचा तुकडा काढला, रिपोर्टला महिना गेला. मुंबईला नेलं, तिथे ब्लॉक, म्हणजे मेणात बसवून ठेवलेला तो तुकडा, मागितला. तो सापडलाच नाही. त्याच दुखऱ्या गालातून पुन्हा तुकडा काढावा लागला.

म्हणून ‘आधी बायोप्सी नीट करा, लसीचं मग बघू’ हा घरचा सूर मला कळतो. पण ‘मग बघू’ मला मान्य नाही.

ही लस आजार झाल्यावर द्यायची. रुग्णाच्या गाठीतल्या पेशींमध्ये कोणते बदल झालेत ते गाठीचा तुकडा आणि रक्त यांची तुलना करून वाचायचं, त्यांचा मजकूर प्लाझ्मिड नावाच्या गोल डीएनएत घालायचा आणि ते दंडात टोचायचं. पेशींनी ते आत घ्यावं म्हणून तिथेच विजेचा बारीक झटका देतात. मग शरीराच्या टी-पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पेशी, गाठ ओळखायला शिकतात. यकृताच्या कॅन्सरच्या 36 रुग्णांना अशी ज्याची त्याची लस पेम्ब्रोलिझुमॅब या प्रतिकारशक्तीला मोकळं करणाऱ्या औषधाच्या जोडीने दिली. 2024 साली निकाल आले, 11 जणांच्या गाठी ठरलेल्या मापाने आकसल्या. तुलनेला दुसरा गट नव्हता, त्यामुळे सगळं श्रेय लसीला देता येत नाही. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपूर्व बदलांवरच्या व्हीजीएक्स-3100 या डीएनए लसीने तर चाचण्यांच्या शेवटच्या टप्प्यात अपेक्षेइतकं यश दिलं नाही. व्हिडिओत यातलं काही नव्हतं.

तरी हे तंत्र आपल्याला परकं नाही. माणसांसाठी मंजूर झालेली जगातली पहिली डीएनए लस अहमदाबादच्या झायडस कॅडिलाची, कोरोनावरची, 2021 सालची. ती 25 अंशांवर तीन महिने टिकते असं कंपनीने सांगितलं होतं. जळगावच्या मे महिन्यात तेवढ्यावर भागत नाही, पण उणे सत्तरच्या फ्रीझरची गरजही पडत नाही.

अडतं ते तुकड्यावर. आमच्याकडे नमुना येतो तेव्हा डबीवर बारकोड असतो, काढल्याची वेळ मिनिटासकट लिहिलेली असते. तो खराब झाला तर पुढची सगळी यंत्रं बसून राहतात. मामा ज्याला ‘आधी’ म्हणतात आणि मी ज्याला ‘पुढे’ म्हणते, ते एकच काम आहे. धुळे-जळगावला चांगलं पॅथॉलॉजी, म्हणजे असे तुकडे तपासण्याची सोय, उभं राहिलं, तर आजच्या मामींचं निदान वेळेत होईल आणि उद्याच्या चाचण्यांत खानदेशातला रुग्णही बसू शकेल.

मामांना एवढंच म्हटलं, की यापुढे कुणाला तपासायला नेलंत तर रिपोर्टसोबत ब्लॉक आणि स्लाइड (तुकड्याचा पातळ काप लावलेली काच) मागून घ्या, त्यावर नाव-तारीख आहे ना ते बघा, आणि उन्हापासून जपून ठेवा. त्यांनी कागद-पेन घेतलं आणि “ब्लॉक” हा शब्द पुन्हा सांगायला लावला.